नावेत आणखी कोण होतं

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढण्याआधी पुष्कर लघाटे वाकला, त्यानं बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि अनवाणी पायांनी वर चढला. सगळा वर्ग खो खो हसला.

"अरे लघाटे, देवळात नाही, कोर्टात आलायस!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

एरवी पुष्कर सगळ्यांच्या वरताण हसला असता. पण तो नुसता उभा राहिला. दोन्ही हातांनी त्यानं समोरचा लाकडी कठडा धरला आणि मान जराशी खाली घातली.

आम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होतो. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं एक लुटुपुटूचा खटला चालवायची. कुणी सरकारी वकील व्हायचं, कुणी आरोपीचा वकील, कुणी साक्षीदार. जिल्ह्याचं कोर्ट नव्या इमारतीत गेल्यावर जुन्या सेशन्स कोर्टाचा हॉल आमच्या कॉलेजला मिळाला होता. न्यायाधीशांचं उंच आसन, साक्षीदाराचा पिंजरा, आरोपीचा पिंजरा, गुळगुळीत झालेली बाकं, सगळं जसंच्या तसं होतं. नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून खटला रविवारी दुपारी ठेवलेला असायचा.

नोकरी करणारी मुलंच आमच्यात जास्त होती. कॉलेज सकाळी सातला भरायचं, साडेदहाला सुटायचं, की कुणी तलाठी ऑफिसात पळायचं, कुणी दुकानात. पहिल्या दिवशी हणबर सर वर्गावर आले आणि म्हणाले होते, "तुमच्यातले बरेच जण बँकेत जातील. काही परीक्षा देऊन न्यायाधीश होतील. काही कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसतील. खरोखर उभं राहून वकिली करणारे एका बाकावर मावतील. आणि त्या बाकावर बसायचं असेल, तर आधी कुणातरी मोठ्या वकिलाच्या दारात उभं राहावं लागतं."

मला त्या बाकावर बसायचं होतं. पण दार कुणाचं ठोठावायचं, हाच प्रश्न होता. माझे वडील कोर्टासमोरच्या गल्लीत शिंपी. गावातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट त्यांच्या मशीनवरून गेलेले. मी विषय काढला की ते म्हणायचे, "वैजू, कोट शिवायला आले म्हणून कुणी ओळखीचं होत नाही गं." शिवाय मुलीला ज्युनिअर म्हणून घ्यायला कुणी राजी नसे. शिकवायचं आम्ही आणि ही जायची लग्न होऊन, असं तोंडावर सांगायचे.

म्हणून त्या वर्षीच्या खटल्याला इतकं महत्त्व आलं होतं. न्यायाधीश म्हणून ॲडव्होकेट माळवदे येणार होते. फौजदारी कामात जिल्ह्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. खटला सर्वांत चांगला चालवेल त्याला आपण ज्युनिअर म्हणून घेऊ, मग तो मुलगा असो की मुलगी, असं त्यांनी हणबर सरांना कबूल केलं होतं. मी आरोपीची वकील होते. वडिलांनी उरलेल्या कापडातून माझ्यासाठी कोट शिवला होता. खांद्यात जरा घट्ट होता, पण काळा कुळकुळीत.

खटला हणबर सरांनी रचला होता. एका गावातल्या बड्या घराण्यातला धाकटा भाऊ नदीत मेलेला सापडतो. त्यांच्याच घरच्या महादू नावाच्या गड्यावर खुनाचा आरोप येतो. पुरावा मुख्यतः एका नावाड्याचा. संध्याकाळी त्यानं महादूला नावेतून पलीकडे जाताना पाहिलेलं असतं. हा गणपत नावाडी म्हणजे पुष्कर.

पुष्करला हे काम दिलं, कारण त्यात फार बोलायचं नव्हतं. तो इंदूरचा. वडिलांची बदली झाली म्हणून आमच्या गावात आलेला. त्याचं मराठी ऐकून आमची करमणूक व्हायची. "मी थोडा रुकतो", "ते चालून जाईल" असलं बोलायचा. तालमीत त्याचा नावाडी ऐकून हणबर सरांनी कपाळाला हात लावला होता. "हा नावाडी नर्मदेवरचा वाटतोय," असं म्हणाले होते.

कारकून झालेल्या मुलानं शपथ दिली आणि नाव विचारलं.

"सिदू भोई," पुष्कर म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. हणबर सर बाजूच्या खुर्चीवरून कुजबुजले, "गणपत, गणपत!" सरकारी वकील झालेल्या मुलानं ते सावरून घेतलं आणि तपासणी सुरू केली. पुष्करनं तेवढी उत्तरं ठरल्याप्रमाणे दिली. हो, महादूला पाहिलं. हो, तो नावेतून गेला. आवाज मात्र खोल आणि घोगरा लागला होता. मला वाटलं, घाबरलाय बिचारा.

मग मी उठले. माझे प्रश्न पाठ होते. संध्याकाळ होती ना? उजेड कमी होता ना? महादूच्या अंगावर रक्ताचा डाग दिसला नाही ना? सगळी उत्तरं आली, मला हवी तशी आली. इथं मी बसायचं, असं ठरलेलं होतं. बसता बसता मी वर पाहिलं. माळवदेसाहेबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते पुष्करच्या अनवाणी पायांकडे पाहत होते.

मला वाटलं, गेलं. आपण काही छाप पाडली नाही. म्हणून तोंडाला येईल तो एक प्रश्न मी विचारला.

"त्या फेरीला नावेत आणखी कोण होतं?"

पुष्करनं मान वर केली. त्याच्या नजरेत ओळख नव्हती. मी वैजयंती, त्याच्या बाकाच्या पुढच्या बाकावर बसणारी, त्याला परीक्षेच्या नोट्स देणारी. त्यातलं त्याला काही ठाऊक नसावं, असा तो पाहत होता.

"थोरलं मालक हुतं की, बाई," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. त्या बोलीत नकलेचा मागमूस नव्हता. आमच्या नदीकाठच्या म्हाताऱ्यांच्या तोंडची ती अस्सल बोली होती.

"कोण थोरले मालक?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण तो फार लांबून आल्यासारखा मला ऐकू आला.

"मेला त्येचा सख्खा भाऊ. नावंच्या मदी बसलं हुतं. पायापाशी घोंगडं गुंडाळल्यालं. बिरू पार टोकाला बसून रडत हुता. मालक त्येला म्हनलं, गप. एवडंच म्हनलं. मदल्या धारंला आल्यावर मालकांनी घोंगडं पायानं लोटलं. बिरूनं हात लावला न्हाई. त्यो तोंड झाकून बसला हुता."

बिरू. आमच्या खटल्यात बिरू नावाचं कुणीच नव्हतं.

हॉलमध्ये पंखे चालू होते, तरी मला वास आला. गाळाचा, शेवाळाचा, पाणी उतरल्यावर घाटाच्या पायऱ्यांना येतो तसा. सरकारी वकील झालेला मुलगा हरकत घ्यायला उठला होता. तो अर्धवट उठलेलाच राहिला. मी काय करत होते मला कळत नव्हतं, पण वर्षभर जे शिकले होते त्यानंच माझ्या तोंडून पुढचा प्रश्न काढला.

"हे तुम्ही यापूर्वी का सांगितलं नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई, बाई." त्यानं कठड्यावरून हात फिरवला. "हितंच उबा हुतो. ह्याच लाकडाला धरून. बिरूचं वकील उटलं. मला वाटलं, आता इचारतील. मी आईची शपत खाऊन आलो हुतो, इचारलं तर सांगनार म्हनून. त्येंनी माज्याकडं बगितलं, नि खाली बसलं."

एवढं बोलून त्यानं मान वळवली आणि न्यायाधीशांच्या आसनाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेला माणूस ओझं खाली ठेवल्यावर पाहतो, तसं पाहिलं.

माळवदेसाहेब उठून उभे राहिले. "कामकाज तहकूब," असं काहीतरी म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

मग एकदम टाळ्या पडल्या. मुलांना वाटलं, हे सगळं बसवलेलंच होतं. "लघाटे छुपा रुस्तम निघाला!" असं म्हणत दोघांनी त्याला खाली उतरवलं. हणबर सर मात्र जागचे हलले नव्हते. मी त्यांच्याजवळ गेले.

"सर, हा खटला तुम्ही रचलाय ना?"

"रचला कुठला," ते हळूच म्हणाले. "विद्यार्थी असताना एक जुना निकाल वाचला होता, त्यावरून केला. गाव काढलं, नावं बदलली. पण त्या निकालात हे नव्हतं गं. नावाड्याला बचावाच्या वकिलानं काही विचारलं नाही, एवढंच होतं."

पुष्कर बाहेर नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होता. मला पाहून नेहमीचं हसला. "काय, बरोबर बोललो ना मी? 'नावेत कोणी नव्हतं, हा अकेलाच होता.' तू विचारलंस ते तर ठरलंच नव्हतं, पण मी चालवून घेतलं. आणि तू चेहरा असा काय केलास?"

"पुष्कर, तू बूट का काढलेस?"

त्यानं पायांकडे पाहिलं. "अरे! हे कोणी काढले?"

मी बूट आणायला आत गेले. पिंजऱ्यातली फळी ओली होती. नुसती ओली नव्हे, बोटं फाकलेल्या रुंद पावलांची ओल होती. पुष्करचे पाय मी नुकतेच पाहिले होते. ते कोरडे होते, आणि अरुंद.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. "जरा आत ये, मुली," माळवदेसाहेब म्हणाले.

आत ते खिडकीशी उभे होते. मला बस म्हणाले, पण मी उभीच राहिले.

"तो प्रश्न तुला कुणी सुचवला?"

"कुणी नाही, साहेब. सहज तोंडातून गेला."

"आणि त्या पोराला हे सगळं कुणी पढवलं?"

"तो इंदूरचा आहे, साहेब. इथं येऊन त्याला तीन वर्षं नाही झाली."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, "ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो उलटतपासणीत विचारू नये, असं तुम्हाला शिकवलं असेल."

"हो."

"मी विचारला नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. तो लागला, तेव्हा मी बसले.

"कागद हातात पडला तेव्हाच मी ओळखलं," ते म्हणाले. "नावं बदलली म्हणून नदी बदलते का? तरी आलो. म्हटलं, पोरांचा खेळ आहे." ते माझ्याकडे वळले. "बिरूचा वकील मी होतो. पण मला गाठलं ते थोरल्या मालकांनीच. म्हणाले, गडी आमच्या घरचा आहे, त्याचा बचाव आम्हीच करणार. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! माझं तेव्हा अजून बस्तान बसलं नव्हतं. कुणी अशील पायरी चढत नव्हता. बिरूला तुरुंगात भेटलो, तर त्यानं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. म्हणाला, साहेब, सिदूला विचारा, तो होता. मी परत आलो, तर थोरले माझ्या घरी बसलेले. म्हणाले, वकीलसाहेब, तुमची कीर्ती ऐकली, आमच्या सगळ्या घराण्याची कामं यापुढं तुमच्याकडे." त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. "ती कामं अजून माझ्याकडे आहेत. आता थोरल्यांचा मुलगा बघतो."

"आणि बिरू?"

"जन्मठेप झाली. तुरुंगातच गेला."

"सिदू?"

"पुढच्या पावसाळ्यात बुडाला. नदीवर जन्मलेला माणूस."

बाहेर मुलं खुर्च्या सरकवत होती, हसत होती. साहेब आवाज बदलून म्हणाले, "पहिल्या तारखेपासून माझ्या ऑफिसात ये. खटला तूच चांगला चालवलास, यात शंका नाही."

वर्षभर मी ज्या शब्दांची वाट पाहिली होती, ते हेच. वडिलांना सांगितलं असतं, तर त्यांनी मशीन बंद करून अख्ख्या गल्लीला पेढे वाटले असते. मला हो म्हणायचं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"बिरूचं कुणी आहे का, साहेब?"

"एक मुलगी होती. लहान होती. तिथंच असेल, कुरणवाडीत."

"तिला कुणी सांगितलंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आधी तिच्याकडे जाऊ," मी म्हणाले. "मग मी येते. नाहीतर नको."

मला वाटलं, आता ते मला बाहेर काढतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "मंगळवारी सकाळी तयार राहा," म्हणाले.

पुढे त्यांच्याकडे मी बरीच वर्षं काढली. पुष्कर पुढे बँकेत कायदा अधिकारी झाला, इंदुरातच घर बांधलं त्यानं. हणबर सरांनी खटला रचताना पुन्हा कधी जुना निकाल घेतला नाही. माझ्या हाताखाली आज दोन मुली आहेत. कोर्टातलं मला जे येतं, ते सगळं त्यांना शिकवते. पण त्या मंगळवारचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

साहेबांनी ड्रायव्हर घेतला नाही. गाडी स्वतः चालवली. कुरणवाडी आली, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बिरूची मुलगी हौसाबाई, तिचं घर गावाच्या टोकाला, असं एका बाईनं दाखवलं.

हौसाबाई दारातल्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पन्नाशीच्या आसपासची, काटक, डोक्यावर पदर. ओट्यावर एक धुतलेली वाकळ नीट घातलेली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र. आम्हाला पाहून ती उठली. कोण, कुठले, काहीच विचारलं नाही.

"या. बसा," म्हणाली.

साहेब तसेच उभे राहिले. कोर्टात तासन्‌तास बोलणारा तो माणूस घसा खाकरत राहिला. शेवटी म्हणाले, "मी वकील. तुझ्या वडिलांचा. तुला सांगायला आलोय. तुझ्या वडिलांनी काही केलं नव्हतं."

"ठावं हाय," हौसाबाई म्हणाली.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सिदूकाकानं."

मला वाटलं, लहानपणचं सांगते आहे. "तो जाण्याआधी सांगितलं होतं का?"

"तवा कुटलं, बाई? तवा घाबरला हुता त्यो. परवा, आयतवारी." तिनं हातातली शेंग सुपात टाकली. "ऊन कललं हुतं. मी हितंच बसले हुते. बगते तर दारात मानूस उबा. अंगावरनं पानी निथळतंय. मी वळखलं न्हाई, पोर हुते तवा बगितल्याला. त्योच म्हनला, हौसे, मी सिदू. आज कोर्टात एका पोरीनं इचारलं. सगळं सांगून आलो बग. तुजा बा नुसता नावंत बसला हुता. त्येनं हात लावला न्हाई."

साहेबांनी खांबाला हात टेकला.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी कसंबसं विचारलं.

"भ्या कशाचं? चांगलंच सांगाय आला हुता की." ती माझ्याकडे निरखून बघत होती. "तीच पोरगी का तुमी?"

मी मान हलवली. तिनं पुढं होऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली.

साहेब खांबाला धरूनच उभे होते. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?"

"म्हनला की." हौसाबाईनं तांब्यावरचं फुलपात्र उचललं, पाणी भरलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "म्हनला, वकील यील एकदोन दिसांत. त्येला बसाय घाल, पानी दे. लई लांबनं येनार हाय त्यो."

आमच्या गावाहून कुरणवाडी गाडीनं तासाभराचीसुद्धा वाट नव्हती. साहेब वाकळेवर बसले, फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं, आणि पाणी प्यायले.